पाऊण किलोचं इंजिन

साहेब, माझ्या आईचा डावा गुडघा पुरता वाकत नाही, याला तुमचं वाहन तपासणी खातं जबाबदार आहे. हा आरोप मी शुद्धीवर असताना करतोय, जेवण झालेलं आहे, कुणी शिकवलेलं नाही, आणि खाली माझी सही असेल. आरोप वाचायची तुमच्याकडे वेगळी खिडकी असेल, आणि तिथला माणूस नेमका आत्ताच जागेवरून उठलेला असेल, हेही मला ठाऊक आहे. तुमच्या खिडक्यांचा माझा अभ्यास पक्का झालाय. चार नंबरच्या खिडकीतला पंखा किती वेळाने माझ्याकडे वळतो ते मी डोळे मिटून सांगेन.

तर गुडघा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, असं ते करणारे डॉक्टर म्हणाले. तो वाकवायचं काम मात्र व्यायामवाल्या बाईंचं. बाईंकडे अंश मोजायची एक पट्टी आहे. पहिल्या दिवशी पट्टी लावून त्या म्हणाल्या, "साठ. नव्वदपर्यंत न्यायचाय. नव्वद झाले की आजी एकट्या जिना उतरतील. मध्ये खंड पडला तर मात्र गुडघा आहे तिथेच धरेल, आणि मग माझ्या हातात काही नाही."

मला अंश कळतात. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो, सव्वीस वर्षं. भिंग पाच अंशांनी फिरलं तर गिऱ्हाइकाला दाराची चौकट तिरकी दिसते. त्यामुळे तीस अंश ही काय चीज आहे, हे मला कुणी समजावायला नको होतं.

आता आईला बाईंकडे न्यायचं कसं? साठ अंशांच्या गुडघ्याने माणूस कुठल्याही गाडीत बसत नाही, साहेब. आम्ही तीन टॅक्स्या करून पाहिल्या. पहिलीत आईचं डोकं गेलं, पाय गेला नाही. दुसरीत पाय गेला, मग तो बाहेर येईना. ड्रायव्हर, मी आणि रस्त्यावरचा एक अनोळखी गृहस्थ असे तिघे मिळून आईला सोडवत होतो आणि आई आतून सूचना देत होती. तिसऱ्या टॅक्सीवाल्याने आईकडे नुसतं बघितलं आणि तो निघून गेला. उरली आमची जुनी निळी गाडी. चौतीस वर्षांची आहे, त्यातली एकोणीस माझ्याकडे. सीट खुर्चीएवढी उंच, पुढे पाय पसरायला ऐसपैस जागा, आणि दार असं उघडतं की कपाट आत जाईल. आई त्या गाडीत एखाद्या अध्यक्षासारखी बसते.

आठवड्यातून दोनदा आम्ही जायला लागलो. साठाचे सत्तर झाले. आणि गाडी बंद पडायला लागली.

कुठेही बंद पडली असती तर मी समजू शकलो असतो. ती घरून निघाल्यापासून विसाव्या मिनिटाला बंद पडायची. बाईंचं घर पंचविसाव्या मिनिटाला. म्हणजे दर वेळी त्याच चौकात, त्याच गाद्यांच्या दुकानासमोर. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही असं दाखवून सुरू व्हायची. पण तोवर बाईंची वेळ टळलेली, मागच्या गाड्यांनी माझा उद्धार केलेला, आणि गादीवाल्याने आईला आत बोलावून बसवलेलं. चौथ्या वेळी त्याने तिला एक उशी भेट दिली.

मी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे गाडी दुरुस्त करणारा. त्याचं तत्त्व असं की, गाडीत जे काही बदलता येतं ते बदललेलं बरं. त्याने प्लग बदलले. गाडी विसाव्या मिनिटाला बंद पडली. पेट्रोलचा पंप बदलला. विसावं मिनिट. पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरचं टोपण, वायरींचा सगळा जुडगा. गाडी घड्याळ लावल्यासारखी विसाव्या मिनिटाला गाद्यांच्या दुकानासमोर.

"दादा," मिस्त्री शेवटी म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या रस्त्याने जाऊन बघा ना."

बिल्डिंगमधून सल्ले येत होतेच. आमच्याकडे बॉनेट उघडलं की तीन मजल्यांच्या गॅलऱ्या भरतात. वरून एक आवाज म्हणाला की पेट्रोलमध्ये पाणी आहे. त्याच्या वरून दुसरा आवाज म्हणाला की पाणी नाही, हवा आहे. एका सभ्य गृहस्थाने खाली येऊन मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आई गाडीत बसल्या नाहीत तर चालते का?" मी म्हटलं, "तुम्ही बसून बघा." एकवीस मिनिटांनी त्यांचा फोन आला, गाद्यांच्या दुकानातून.

मग रेडिओकाका आले. काका आमच्या शेजारचे. हयातभर रेडिओ दुरुस्त केले, आता दुरुस्त करायला रेडिओ उरले नाहीत, त्यामुळे ते माणसांना दुरुस्त करत असतात. त्यांच्याकडे मीटर आहे. तो दोन वायरींचा मीटर गळ्यात घालून ते आले आणि मिस्त्रीला म्हणाले, "कॉइल बघितलीस?"

साहेब, तुम्ही खात्याचे प्रमुख आहात म्हणजे तुम्हाला कॉइल माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगतो. जुन्या गाडीत इंजिनाशेजारी पाण्याच्या ग्लासाएवढा एक पत्र्याचा डबा पट्टीने आवळलेला असतो. आत बारीक तारेची भेंडोळी आणि तेल. बॅटरीचे बारा व्होल्ट आत जातात, हजारो होऊन बाहेर येतात, आणि त्याची ठिणगी प्लगला मिळते. एवढंच त्याचं काम. तो इंजिन नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"कॉइल बघायचं काय असतं?" मिस्त्री म्हणाला. त्याने मधली जाड वायर उपसली, पत्र्याजवळ धरली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. निळी ठिणगी कडकड उडाली. "निळी आहे. पिवळी असती तर गेली म्हणायचं. ही अजून दहा वर्षं जाते."

काकांना ठिणगी बघून निदान करणं पटत नाही. त्यांनी वायरी सोडवल्या, मीटरची टोकं दोन बाजूंच्या दोन लहान स्क्रूंना टेकवली. "तीन ओहम. बरोबर." मग एक टोक मधल्या भोकात. "नऊ हजार. हेही बरोबर." दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, की कॉइल ठणठणीत आहे. आणि ते चूक होतं.

चूक माझ्या बायकोने पकडली. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वरूनच म्हणाली, "अहो, गाडी गरम झाल्यावर बंद पडते ना? मग तो डबा थंडगार असताना काय तपासताय?"

मिस्त्रीने पान्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "तेच मी म्हणणार होतो." ते हे म्हणणार नव्हते.

आता डबा गरम करायचा कसा? मिस्त्री म्हणाला, वीस मिनिटं गाडी पळवा आणि बंद पडली की लगेच तपासा. काका म्हणाले, गाद्यांच्या दुकानासमोर ते मीटर काढणार नाहीत, त्यांना मान आहे. तेवढ्यात आईने खुर्चीतून आपली गुडघा शेकायची रबरी पिशवी पुढे केली. नुकतंच उकळतं पाणी भरलेली.

"घ्या. आधी तिला शेका. माझं मग बघू."

आम्ही कॉइल घरात आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिच्याभोवती पिशवी गुंडाळली आणि वरून आईची शाल. मीटर लावलेला. बायको, आई, काका, मिस्त्री आणि मी असे पाच जण बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसे बसलो. पाच मिनिटं झाली, नऊ हजार. दहा मिनिटं, साडेनऊ. पंधराव्या मिनिटाला आकडा एकदम नाचला आणि गेला. आतली तार गरम झाली की तुटत होती, गार झाली की पुन्हा टेकत होती. काकांनी मला मिठी मारली.

आई म्हणाली, "गंमतच आहे. माझा गुडघा शेकला की चालतो आणि हिला शेकलं की बंद. आम्हा दोघींना एकत्र घेऊन कसा जाणार होतास रे तू?"

नवी कॉइल आणायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, दीड ओहमची की तीनची? मिस्त्री म्हणाला, "ओहम-बिहम सोडा, बारा व्होल्टची द्या." काकांनी त्याला गप्प केलं. दीडची असेल तर बाहेर वेगळा रेझिस्टर लागतो, आमच्या गाडीला तो नाही, दीडची लावली तर पॉइंट जळतील आणि कॉइलही तापून मरेल, तीनचीच पाहिजे. काका हे इतक्या मोठ्याने बोलले की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानेही तीनचीच घेतली, त्याला हवा होता आरसा.

तीनची बसवली. गाडी निघाली. विसाव्या मिनिटाला गाद्यांचं दुकान आलं. गादीवाला सवयीने खुर्ची घेऊन फुटपाथवर उभा. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. आईने काच खाली करून त्याला हात केला. त्याचा चेहरा पडलेला मी आरशात पाहिला.

मध्ये खंड पडून पासष्टवर घसरलेला गुडघा तीन आठवड्यांत चौऱ्याऐंशीवर गेला. नव्वदला सहा कमी. इथवर माझी कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. इथे तुम्ही आलात, साहेब.

गाडीची वार्षिक तपासणी होती. मी गाडी धुतली, नव्या कॉइलवरून भिंगं पुसायचं मऊ फडकं फिरवलं आणि तुमच्या आवारात रांगेत उभा राहिलो. आजवर दर वर्षी तुमचे जुने मोठे निरीक्षक तपासायचे. ते चष्मा लावत नाहीत, डोळे बारीक करून बघतात. या वेळी नवे निरीक्षक होते. त्यांनी चष्मा लावला होता. चष्मा आमच्या दुकानातला होता. भिंगं मी बसवली होती. मी बसवलेल्या भिंगांतून त्यांना सगळं लख्ख दिसत होतं, हे माझं दुर्दैव.

"इंजिन नंबर कुठाय?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "असेल ना आत."

त्यांनी इंजिनावरचं चौतीस वर्षांचं वंगण चिंधीने खरवडून नंबर काढला. गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फ्रेम वाकवून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

"हा नंबर वेगळा आहे. इंजिन बदललंय तुम्ही."

"इंजिनाला मी हातही लावलेला नाही. फक्त कॉइल बदलली."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी बॉनेटमधल्या नव्या डब्याकडे पाहिलं. मला आठवलं, गेली एकोणीस वर्षं जुने निरीक्षक बॉनेट उघडायचे, थेट कॉइलच्या डब्याकडे वाकायचे, त्याच्या बुडाशी ठोकलेला आकडा अंगठ्याने पुसायचे, पुस्तकात बघायचे आणि मान डोलवायचे. मी समजायचो, ती तपासणीची रीत आहे. पहिल्या वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं, "हा नंबर स्वच्छ ठेवत जा." मी एकोणीस वर्षं तो भिंगाच्या फडक्याने चकाकवत आलो.

कळलं का साहेब? चौतीस वर्षांपूर्वी तुमच्या कुणीतरी गाडीची नोंद करताना इंजिनाखाली वाकायचा कंटाळा केला, आणि वर हाताशी जो नंबर दिसला तो इंजिनाचा म्हणून लिहिला. तो कॉइलचा होता. तेव्हापासून तुमच्या दफ्तरात कॉइल हेच माझं इंजिन. आणि ते मी बदललं होतं.

नव्या निरीक्षकांनी काचेवर लाल कागद चिकटवला. परवानगीशिवाय इंजिन बदलल्यामुळे गाडी रस्त्यावर आणायला मनाई. जाता जाता मला म्हणाले, "चष्मा मस्त केलाय हं तुम्ही."

चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात. शांत बाई आहेत, माझं त्यांच्याशी वैर नाही. त्या म्हणाल्या, "इंजिन बदललं असेल तर जुनं इंजिन आणून दाखवावं लागतं. टेम्पो आवारात मागच्या फाटकाने घ्या. उतरवायला माणसं तुमची."

"माणसं नकोत. पिशवीत येईल."

बाईंनी मान वर केली.

अडचण एवढीच होती की जुनं इंजिन, म्हणजे कॉइल, अखंड नव्हतं. आत नेमकी कुठे तार तुटली ते बघायला रेडिओकाकांनी ते करवतीने कापलं होतं. त्यांच्या गॅलरीत तेलाचा डाग अजून आहे. मी दोन तुकडे कापडी पिशवीत घालून नेले आणि खिडकीच्या फळीवर ठेवले. मागच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले.

बाईंनी छापील फॉर्म काढला. विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या.

"इंजिन कोणी नष्ट केलं?"

"शेजाऱ्यांनी."

"कशाने?"

"करवतीने."

"एकट्याने?"

"हो. चहा होईपर्यंत झालं."

"वजन?"

घरच्या काट्यावर केलं होतं. "सातशे दहा ग्रॅम. तेलासकट पाऊण किलो भरलं असतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चारचाकीचं इंजिन पाऊण किलो?"

"बाई, हे मी म्हणत नाही. तुमचं दफ्तर म्हणतं. मी चौतीस वर्षं ऐकतोय."

"गाडी तुमच्याकडे एकोणीस वर्षं आहे म्हणालात."

बघा, ही तुमच्या खात्याची नजर. आकड्यात चूक चालत नाही. फक्त ती माझी असेल तर.

दुसऱ्या दिवशी रेडिओकाकांचा जबाब झाला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांचं बोलणं लिहून घेत होतं. त्यांनी करवतीच्या दातांपासून सुरुवात केली, तारेचे वेढे सांगितले, तेल का असतं ते सांगितलं. तीन पानं भरली. सही करताना मला म्हणाले, "आपण हे आधीच करायला हवं होतं."

मी बाईंना हात जोडले. म्हटलं, "हे सगळं सोडा. नोंद दुरुस्त करा. इंजिनाचा खरा नंबर लिहा म्हणजे झालं."

"करू की," बाई म्हणाल्या. "नोंद दुरुस्त करायची तर आधी तपासणी पास पाहिजे."

"आणि तपासणी पास व्हायला?"

"नोंदीतला नंबर गाडीवर पाहिजे."

पंखा माझ्याकडे वळला, वारा लागला, पुन्हा गेला. मी तिथेच उभा होतो. माझ्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. जुनी कॉइल लावली तर गाडी कायदेशीर होती, पण चालत नव्हती. नवी लावली तर चालत होती, पण बेकायदा. तुमच्या खात्याला, साहेब, चालणारी गाडी चालत नाही.

अडीच आठवडे यात गेले. व्यायामवाल्या बाईंना घरी बोलावून पाहिलं, पण त्यांची गुडघा वाकवायची यंत्रं भिंतीत बसवलेली. आई घरी स्वतःच व्यायाम करायची, दात आवळून. बाईंनी पट्टी तेवढी दिली होती. एका सकाळी मी ती लावली. मला वाटलं, मी चुकीची लावली. पुन्हा लावली. एकाहत्तर.

"किती?" आईने विचारलं.

"ठीक आहे."

"तू चष्मेवाला आहेस. ठीक आहे हा आकडा मला माहीत नाही. किती?"

मी सांगितलं. शेकायची पिशवी गुडघ्यावरून काढून तिने बाजूला ठेवली, पाणी अजून गरम असताना. आईने पाणी वाया घालवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. पिशवीतले दोन तुकडे घेऊन रेडिओकाकांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, इंजिन जोडा."

आता यापुढचं सगळं मी कबूल करतो, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. काकांनी आतली भेंडोळी काढून टाकली, कारण ती परत मावेना. रिकामे दोन तुकडे कडेला कडा लावून, कथील वितळवून झाळले, सांधा घासला, वर काळा रंग दिला. बुडाशी ठोकलेला नंबर जसाच्या तसा ठेवला. मी तो भिंगाच्या फडक्याने पुसला, हातच वळला. मिस्त्रीने नवी कॉइल काढून बॅटरीच्या मागे अंधारात बसवली आणि तिच्या वायरी खालून फिरवल्या. जुन्या जागी, पट्टीत, रिकामा डबा. एक वायरही लावली नाही. मिस्त्री मागे सरून बघत म्हणाला, "दादा, ती चालायला आणि हा कागदाला."

डबा हलवला की आत झाळकामाचा एक थेंब खुळखुळत होता. बायकोने वरच्या भोकातून कापूस भरला.

तपासणीपुरती गाडी आणायची परवानगी घेऊन आम्ही आलो. आई पुढच्या सीटवर, मिस्त्री मागे. तिला घरी ठेवून येणार होतो, पण ती म्हणाली, माझ्या गुडघ्याचा निकाल मला ऐकू दे. मी रांगेत तीन गाड्यांना पुढे जाऊ दिलं, नवे निरीक्षक दुसऱ्या रांगेत गुंतेपर्यंत. मग जुने आले. डोळे बारीक करून.

बॉनेट उघडलं. इंजिनाकडे पाहिलंही नाही. थेट डब्यावर वाकले, बुडाशी अंगठा फिरवला, पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं. मान डोलवली. मग त्यांनी काय करावं? पेनाने डब्यावर टकटक केलं. सवयीचं नव्हतं हे. डब्यातून पोकळ, कापसात गुदमरलेला आवाज आला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरीच्या पुढे आलो. मिस्त्रीला एकदम खोकला आला.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "भाऊ, तुमचा गुडघा दुखतो का हो? वाकताना हात टेकलात तुम्ही."

"दुखतो ना," ते म्हणाले. "जिना होत नाही."

"शेकत जा. आणि खंड पाडू नका. माझा पडला."

त्यांनी पेन पुस्तकावर टेकवलं. मग लिहिता लिहिता म्हणाले, "जुनी गाडी आहे. आवाज यायचाच." आणि लाल कागद नखाने काढून टाकला.

आम्ही तिथूनच व्यायामवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी पट्टी लावली, माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. आईने एकदा हू की चू केलं नाही. पुढच्या दोन खेपांना गादीवाल्याने आम्हाला जाताना हात केला. एकाहत्तरचे एक्क्याऐंशी झाले.

आणि परवा, शनिवारी, तुमच्याकडून दोन पाकिटं आली. एकाच टपालात, एकाच शिक्क्याची.

पहिल्यात प्रमाणपत्र आहे. त्यात लिहिलंय, "इंजिन तपासले. सुस्थितीत. धूर नाही. गळती नाही." हे सर्व खरं आहे. रिकाम्या डब्यातून धूर येत नाही आणि कापूस गळत नाही.

दुसरं रेडिओकाकांच्या जबाबावरून निघालंय. त्यात लिहिलंय, "सदर वाहनाचे इंजिन करवतीने कापून कायमचे नष्ट केल्याचे प्रत्यक्ष करणाऱ्याने कबूल केले आहे. इंजिन नसलेले वाहन नोंदीवर ठेवता येत नाही. सात दिवसांत वाहन मोडीसाठी जमा करावे." खाली सही तुमची आहे. वरच्या पाकिटातही सही तुमचीच आहे. मी भिंगाखाली धरून पाहिलं, दोन्ही सह्यांमध्ये एका केसाचाही फरक नाही.

मी चार नंबरच्या खिडकीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि आपली जागा सोडून मला म्हणाल्या, "हे साहेबच सांगतील." मी विचारलं, साहेब कुठल्या खिडकीत बसतात? त्या म्हणाल्या, "साहेबांना खिडकी नाही." म्हणून हे लिहावं लागलं.

मिस्त्री म्हणतो, गाडी लपवून ठेवू. काका म्हणतात, पुन्हा जबाब देतो, या वेळी सहा पानं. बायको म्हणते, दोन्ही कागदांवर एकच सही आहे तर त्याच माणसाला विचारा की. घरात शेवटी तिचंच बरोबर निघतं.

मला तुमच्याशी भांडायचं नाही. रिकाम्या डब्याची शिक्षा द्यायची असेल तर मला द्या, पत्ता पाकिटावर आहे. पण आज सोमवार आहे. गुरुवारी अकरा वाजता व्यायामवाल्या बाईंची वेळ आहे. साडेदहाला आई गुडघा शेकून, चपला घालून, मांडीवर गादीवाल्याची उशी घेऊन दाराशी बसलेली असेल. एक्क्याऐंशी झालेत. नऊ उरलेत. हे नऊ झाले की ती एकटी जिना उतरेल, मग गाडी तुम्ही खुशाल मोडीत काढा, मी स्वतः ढकलत आणून देईन, विसाव्या मिनिटाला न थांबता.

तोवर एका ओळीत, तुमच्या त्याच सहीने, गुरुवारी साडेदहाच्या आत लेखी कळवा. माझ्या गाडीला इंजिन आहे की नाही?